टाकी भरल्याचा मेल

शिमगा जवळ आला की महाडच्या एमआयडीसीतली माणसं अंगानं कारखान्यात असतात आणि मनानं कधीच गावाला पोचलेली असतात. पालखी कुणाच्या दारात कधी येणार, मुंबईची भावकी कुठल्या गाडीनं उतरणार, यंदा मान कुणाचा आणि रुसणार कोण, याशिवाय दुसरं बोलणं नसतं. मग निघायच्या दिवशी एकेक जण डबा पिशवीत कोंबता कोंबता नागसेनच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

"माझ्याकडचं जरा बघ हां, नागसेन. तुमच्याकडे काय, पालखी नसते."

हे वाक्य तो नऊ वर्षं ऐकत होता. बोलणाऱ्याच्या मनात खोट असायची असंही नाही. घराला कुलूप घालून गावाला जाताना किल्ली शेजारणीच्या हातात द्यावी, तसे हे लोक आपापले पासवर्ड नागसेनला देऊन जायचे. शिमग्याला एकदा, गणपतीत एकदा. मुंबईच्या ऑफिसची माणसं वर्षातून एकदा येऊन सांगायची की पासवर्ड सख्ख्या भावालाही देऊ नका. सगळे माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या सणाला पुन्हा तेच. त्यांचं तरी काय चुकलं? कारखाना काही पालखीसाठी थांबत नाही, बटणं कुणीतरी दाबायलाच हवीत. नागसेन बौद्ध, त्याच्या घरी ना गणपती बसायचा ना पालखी यायची. त्याला सुट्टी हवी असायची ती मार्चच्या वीस तारखेला, आईला घेऊन चवदार तळ्यावर जायला. आणि ही तारीख बहुतेक वर्षी नेमकी शिमग्याच्या दिवसांत सापडायची. सगळ्यांचं काम उरावर घेऊन बसलेल्या माणसानं स्वतःची सुट्टी मागायची कुणाकडे? तो जेवणाच्या वेळेत घाईघाईनं जाऊन यायचा आणि त्यातच समाधान मानायचा.

कारखान्यात रंगाला लागणारी रसायनं बनत. नागसेन तिथला सर्व्हर सांभाळायचा. पगाराच्या पावत्या, मालाची आवकजावक, सांडपाण्याच्या टाकीची पातळी, सगळं त्या एका डेटाबेसमध्ये येऊन पडायचं. त्यात टाकीचं काम सगळ्यात नाजूक. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर चढलं की सर्व्हर आपण होऊन मेल पाठवायचा, टाकीचं काम बघणाऱ्या रितेशला, मॅनेजर ओंकार साहेबांना आणि मुंबईला. मेल आला की रितेश आपल्या कॉम्प्युटरवरून पंप चालू करायचा, पाणी शेजारच्या टाकीत जायचं आणि विषय मिटायचा. मेल आला नाही म्हणजे टाकी ठीक आहे, असं सगळे धरून चालायचे.

आता सर्व्हरवरून मेल पाठवायचा तर तो कुणाच्या तरी नावानं जावा लागतो, आणि त्या नावाला तशी परवानगी असावी लागते. परवानगी द्यायची आणि काढायची हे नागसेनचं काम. मंजुरी मात्र प्रत्येक वेळी ओंकार साहेबांच्या खात्यातून यायला हवी. वर्षानुवर्षं जो मागेल त्याला परवानगी मिळत गेली होती आणि कुणाची काढायची आठवण कुणाला झाली नव्हती. टाकीचा मेल तर अजून दत्तारामच्या नावानं जात होता. दत्ताराम हा नागसेनच्या आधीचा कॉम्प्युटरवाला. ती सोय त्यानंच बसवलेली. तो निवृत्त होऊन घरी कोंबड्या पाळत होता, पण सर्व्हरच्या लेखी तो अजून रोज कामावर येत होता.

नागसेन मात्र रोज येऊनही कंपनीचा नव्हता. तो ठेकेदाराच्या हजेरीवर होता. त्याचा बाप याच एमआयडीसीत गोण्या वाहून वाहून गेला, तोही ठेकेदाराच्याच हजेरीवर. बाप गेला त्या दिवशी कंपनीचं एक माणूस सावित्रीकाठच्या तुडीलला, त्यांच्या घरी फिरकलं नाही, कारण तो कंपनीचा माणूस नव्हताच. ही गोष्ट आई, मंजुळाबाई, अजून बोलून दाखवायची. पोरगा कायम झाला की आपला जीव सुखानं जाईल, असं ती येता जाता म्हणायची. यंदा ते होणार होतं. ओंकार साहेबांनी शिफारस केली होती, एप्रिलमध्ये मुंबईहून ऑर्डर निघायची होती. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आईसमोर उभं राहायचं, एवढीच नागसेनची हौस होती. त्यासाठी नऊ वर्षं तो सगळ्यांना हो म्हणत आला होता.

होळीच्या तोंडावर मुंबईहून तेजश्री मॅडमचा हुकूम आला. त्या सगळ्या कारखान्यांच्या कॉम्प्युटरची तपासणी बघायच्या. सर्व्हरवरून मेल पाठवायची परवानगी अर्ध्या कारखान्याला कशासाठी, असं त्यांचं विचारणं होतं. सरसकट सगळ्यांची काढा. निवृत्त माणसाचं खातं चालू ठेवणं तर अक्षम्य आहे. अठरा तारखेच्या आत झालं पाहिजे.

मॅडमचं बोलणं बरोबर होतं. नागसेनला स्वतःलाही ते पटत होतं. पण दत्तारामचं नाव काढलं की टाकीचा मेल बंद पडणार, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. तो उठून ओंकार साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणचे. त्या वर्षी पालखीचा मान त्यांच्या घराकडे होता आणि टेबलावर हार, अगरबत्त्या आणि नारळांची पिशवी येऊन पडलेली होती.

"साहेब, टाकीच्या मेलसाठी एक वेगळं खातं काढून द्यायला सांगा मुंबईला. कुणा माणसाच्या नावाचं नको. मग दत्ताराम काकांचं बंद करतो."

"मग मागव की."

"मागवलं. मार्च संपल्यावर बघू म्हणतात. तोपर्यंत दत्तारामचं ठेवलं तर तपासणीत सापडणार, आणि काढलं तर मेल जाणार नाही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. खाली गाडीत त्यांची मंडळी खोळंबली होती. ते वाईट माणूस नव्हते. नागसेनच्या बापाच्या आजारपणात त्यांनी आपली गाडी दिली होती, आणि ते नागसेन विसरला नव्हता. फक्त अडचणीची गोष्ट उद्यावर ढकलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"तू बघ रे. तुला सगळं कळतं. मंजुरीसाठी माझी वाट बघू नकोस, माझा पासवर्ड आहेच तुझ्याकडे. माझ्या नावानं तूच ओके करून टाक."

"तसं लेखी काही..."

"आता मी लेखी देत बसू?" साहेब हसले. "घरचा माणूस तू."

ते गेले. त्यांच्या मागोमाग रितेशही बिरवाडीला गेला. पंपाचा पासवर्ड त्यानं जाता जाता नागसेनच्या कानात सांगितला आणि वर त्याच्या पाठीवर थाप मारली.

मुदत जवळ आली तसा नागसेनचा जीव खालीवर व्हायला लागला. त्यानं साहेबांना फोन लावला, तो लागेना. कुडपणला साहेबांच्या घराकडे रेंज नव्हती, बोलायचं तर टेकाडावर चढून यावं लागायचं. शेवटी त्यांचाच फोन आला, मागे ढोलाचा आवाज.

"मुंबईनं मेल टाकलाय, झालं का म्हणून. बंद कर सगळं आणि कळवून टाक त्यांना."

"टाकीचं पण?"

"टाकीवर तू आहेस ना? आठ दिवस डोळ्यांनी बघ की. आम्ही आल्यावर करू काहीतरी."

फोन तुटला.  नाही म्हणावं असं नागसेनला वाटलं. पण नाही म्हणायचं म्हणजे मुंबईला साहेबांची तक्रार करायची, तीही ज्यांच्या सहीवर आपली ऑर्डर अडली आहे त्यांची, आणि तीही एप्रिल तोंडावर असताना. त्यानं आपल्या कॉम्प्युटरवरून परवानग्या काढायचा अर्ज आपल्या नावानं भरला. मग त्याच कॉम्प्युटरवरून ओंकार साहेब होऊन तो मंजूर केला. मग पुन्हा नागसेन होऊन एकेकाचं नाव काढलं, शेवटी दत्तारामचं. सर्व्हर एका शब्दानं कुरकुरला नाही.

त्यानंतर तो अक्षरशः टाकीला बांधल्यासारखा झाला. पडद्यावरचा आकडा बघायचा, पाणी चढलं की रितेशच्या नावानं पंप चालू करायचा, उतरलं की बंद करायचा. चहासुद्धा टेबलावर मागवायचा. संध्याकाळी पाण्याचा भार कमी व्हायचा तेव्हा टाकी पुरती रिकामी करून मगच घरी जायचा. अर्ध्या कारखान्याच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या आणि त्याला पान खायला बाहेर जायची सोय नव्हती.

वीस तारखेला सकाळीच मंजुळाबाई तुडीलहून एसटीनं आल्या. पांढरं लुगडं, हातात मेणबत्त्यांची पिशवी. नागसेननं त्यांना ओळखीच्या दुकानात बसवलं आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघत राहिला. गुडघ्यानं आईला धड चालवत नव्हतं. पुढच्या वर्षी ती येईलच असं नव्हतं, आणि हे तिनं स्वतःच सांगितलं होतं.

टाकीवर काशीराम होता. तोही ठेकेदाराचाच माणूस, मापाच्या काचेत पाणी किती चढलं ते बघण्याचं त्याचं काम.

"जा रे तू, आयेला घेऊन ये जाऊन," काशीराम म्हणाला. "मी हाय ना हितं. पाणी चढला का फोन मारतो तुला."

"फोन आला की लगेच येतो. तुला पंप नाही लावता येणार."

"मना कसा येल? तो कॉम्प्युटरवर हाय."

नागसेन दारापर्यंत जाऊन थांबला. रितेशचा पासवर्ड काशीरामला सांगून जावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पंप लावणं काही अवघड नव्हतं. पण ती रितेशची वस्तू, त्यानं विश्वासानं आपल्याकडे ठेवलेली. एकानं ठेवायला दिलेली किल्ली आपण तिसऱ्याच्या हातात कशी द्यायची? हे त्याला शोभलं नसतं, म्हणून त्यानं ते केलं नाही. टाकी निम्म्याच्या खाली होती. त्यानं ते पुन्हा एकदा बघितलं आणि तो निघाला.

तळ्यावर माणूस माणसाला लागत होता. नागपूर, नांदेड, कुठून कुठून आलेल्या गाड्या पार नाक्यापर्यंत लागल्या होत्या. कर्ण्यांवर गाणी, मधेच भाषण, मधेच कुणाचं हरवलेलं पोर. मंजुळाबाई त्याचा दंड धरून एकेक पायरी उतरल्या. त्यांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, तोंडात घेतलं. दर वर्षी त्या असंच करायच्या. त्यानं मधून मधून खिशातला फोन काढून बघितला. फोन आलेला नव्हता. एवढ्या गर्दीत रेंजच गेली आहे, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला, आणि आलं तसा त्यानं आईचा हात धरला.

"आये, चल."

"आता तं आलो रे. दोन घटका बस."

तो बसला. दोनच घटका, पण बसला. आईसाठी बसला म्हणा, किंवा नऊ वर्षांत एकदा तरी धावतपळत न जाता इथं टेकावं असं त्यालाही वाटलं म्हणा.

रिक्षा हायवेला लागली आणि फोन जागा झाला. काशीरामचे न लागलेले फोन एकामागून एक येऊन पडले. दुपारच्या पाळीला कुणीतरी रसायनाचा एक मोठा घाणा धुवायला काढला होता आणि ते सगळं पाणी एकदम टाकीत आलं होतं. नागसेन पोचला तेव्हा काशीराम टाकीच्या कठड्याशी डोक्याला हात लावून उभा होता. टाकी काठोकाठ भरून बाहेर सांडली होती आणि नाल्याला तांबडं पाणी लागलं होतं. नागसेन धावत वर गेला, त्यानं पंप लावला. त्याला आता काही अर्थ नव्हता. जे जायचं होतं ते सावित्री नदीच्या वाटेला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईचा तुडीलहून फोन आला.

"नागसेना, नदीला मासं लागल्यात रे पांढरं. वरतं पोट करून. पोरांना पाण्यात जाऊ देत नायत. तुझ्या कंपनीचा हाय काय हा?"

"बघतो, आये."

 आदल्याच दिवशी जिनं तळ्याचं पाणी डोळ्यांना लावलं, त्या आईच्या गावची नदी त्याच वेळी आपल्यामुळे नासत होती, हे त्याला आईला सांगता आलं नाही. त्याला स्वतःची शिसारी आली. सरकारी माणसं आली, नाल्याचं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली, आणि मुंबईला फोन खणाणले.

शिमगा आटोपून मंडळी परत आली. येताना प्रत्येकानं नागसेनसाठी काही ना काही आणलं होतं. कुणी पुरणपोळ्या, कुणी प्रसादाचं खोबरं. झालं ते झालं, आम्ही आहोत, असं सगळे म्हणाले. रितेश तर त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला की सगळे जण खरं तेच सांगू, घाबरतोस कशाला. नागसेननं त्या पोळ्या खाल्ल्या आणि त्या बोलण्यावर विश्वास ठेवला.

तेजश्री मॅडम रेल्वेनं वीरला उतरल्या आणि रिक्षानं धूळ खात कारखान्यात आल्या. चौकशी मोठ्या केबिनमध्ये ठेवली होती. मॅडम आवाज चढवून बोलत नव्हत्या. त्यांनी सर्व्हरवरच्या नोंदी आधीच काढून बघितल्या होत्या.

"परवानग्या काढायचा अर्ज तुमच्या कॉम्प्युटरवरून गेला. मंजुरीही तुमच्याच कॉम्प्युटरवरून आली, ओंकार साहेबांच्या खात्यातून. ते त्या दिवशी कुडपणला होते. मंजुरी कुणी दिली?"

"मी दिली, मॅडम."

"त्यांच्या नावानं?"

"त्यांनीच सांगितलं होतं. पासवर्ड त्यांनीच दिला होता."

मॅडमनी ओंकार साहेबांकडे बघितलं. नागसेननंही बघितलं. साहेब चष्मा पुसत होते आणि तो काही केल्या पुसून होईना.

"फोनवर बोलणं झालं असेल," साहेब म्हणाले. "मुदत आहे, काम पुरं कर, असं मी म्हणालो असेन. पण माझा पासवर्ड मी कसा देईन? मला नियम माहीत आहेत."

"रितेश, पंप तुमच्या नावानं चालत होता. तुम्ही पासवर्ड दिला होता?"

रितेशनं एकदा साहेबांकडे बघितलं. "नाही मॅडम. कॉम्प्युटरवाल्यांना काय, सगळंच दिसतं. त्यांना विचारावं लागत नाही."

मग मॅडमनी इतरांना एकेक करून विचारलं. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. नऊ वर्षांत कुणीही, कधीही, कुणालाही पासवर्ड दिला नव्हता. नागसेन प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता आणि एकही नजर त्याच्या नजरेला मिळत नव्हती. त्याला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याला लाज वाटली, जणू त्याच्यामुळे एवढ्या माणसांवर खोटं बोलायची पाळी आली होती.

दाराशी उभा असलेला काशीराम मधेच बोलला.

"मॅडम, सगळेच देतात याला. सणाला जाताना. याची काय चूक नाय."

"तुम्ही देताना बघितलंय? आपल्या डोळ्यांनी?"

काशीराम गडबडला. "डोळ्यांनी नाय. पण म्हायती हाय ना सगळ्यांना."

मॅडमनी ते ऐकून घेतलं, लिहून मात्र घेतलं नाही. त्यांनी नागसेनला पुन्हा विचारलं, दुसरं काही सांगायचं आहे का, एखादा मेसेज, एखादा कागद. त्यांना खरंच ऐकायचं होतं, असं नागसेनला वाटलं. पण त्याच्याजवळ होतं काय? साहेबांचं हसणं आणि रितेशची पाठीवरची थाप. ते काही टेबलावर ठेवून दाखवता येत नाही.

"नाही," तो म्हणाला.

निकाल मुंबईहून आला. दुसऱ्यांची खाती परस्पर वापरली, धोक्याची सूचना बंद पाडली, कामाच्या वेळी जागा सोडली. पोलिसात देत नाही, हेच उपकार. ठेकेदाराला कळवलं गेलं आणि ठेकेदारानं त्याच दिवशी हजेरीवरून नाव उडवलं. कायम होण्याचा विषय कुणी काढलासुद्धा नाही. कंपनीच्या दृष्टीनं ती ऑर्डर कधी नव्हतीच.

संध्याकाळी त्याचं खातं बंद व्हायचं होतं. तो ड्रॉवर आवरत होता. आईला काय सांगायचं ते त्याला सुचत नव्हतं. तेवढ्यात ओंकार साहेब स्वतः उठून त्याच्या टेबलाशी आले. इकडेतिकडे बघून त्यांनी खुर्ची ओढली. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

"राग धरू नकोस, नागसेन. मी खरं बोललो असतो तर आपण दोघंही गेलो असतो. तुझं तर जाणारच होतं. माझी पोरं अजून शिकतायत."

नागसेन ड्रॉवर आवरत राहिला. साहेबांचं गणित चुकलेलं नव्हतं, हेच वाईट होतं.

"एक काम अडलंय," साहेब म्हणाले. "तुझ्याबद्दलची नोटीस सगळ्या स्टाफला जायला पाहिजे, आजच. मुंबईचा हुकूम आहे. पण सगळ्या स्टाफची यादी सर्व्हरवर, आणि तिथून मेल जाईना."

"कसा जाईल? सगळ्यांची परवानगी काढली. तुमची पण."

"तेच ना. मला तेवढी देऊन टाक. तुझं खातं बंद झालं की इथं कुणाला जमणार आहे?"

नोटीस समोर उघडीच होती. नागसेननं ती वाचली. सहकाऱ्यांच्या नकळत त्यांचे पासवर्ड मिळवून गैरवापर करणाऱ्या या कर्मचाऱ्याशी यापुढे कंपनीचा संबंध नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. कर्मचारी हा शब्द त्यानं दोनदा वाचला. नऊ वर्षांत कंपनीनं त्याला पहिल्यांदाच कर्मचारी म्हटलं होतं.

नाही म्हणावं, असं त्याला पुन्हा वाटलं. पण नोटीस आज नाही तर उद्या जाणार, तो नाही तर मुंबईहून कुणी येऊन पाठवणार. त्यानं अर्ज भरला, ओंकार साहेबांना सर्व्हरवरून मेल पाठवायची परवानगी द्यावी म्हणून. मग खुर्ची मागे सरकवून तो उभा राहिला.

"मंजुरी तुमची लागेल. तुमच्या हातानं द्या."

"हो हो, मीच देतो." साहेब त्याच्या खुर्चीत बसले. त्यांनी आपलं नाव टाकलं. पुढच्या चौकटीत निशाणी लुकलुकत राहिली आणि त्यांची बोटं की-बोर्डवर तशीच अधांतरी राहिली.  त्यांनी मान वर केली नाही.

"नागसेन," ते हळूच म्हणाले, "काय आहे रे माझा पासवर्ड?"

खाली पाळी बदलल्याचा भोंगा झाला. तो संपेपर्यंत नागसेन थांबला.

"तुमच्या आईचं नाव, साहेब," तो म्हणाला. "येसूबाई. आणि पुढं गाव."

साहेबांनी एकेक अक्षर शोधून दाबलं. गावाच्या नावात ते चुकले, तेव्हा नागसेननं वाकून त्यांना दुरुस्त करून दिलं. मंजुरी झाली, परवानगी मिळाली आणि मेल गेला. स्टाफच्या नावांत नागसेनचंही नाव अजून होतं, त्यामुळे त्याच्या खिशातला फोनही वाजला.